फ्रान्सच्या खेड्यात अख्खं घर भाड्याने घेऊन एकत्र सुट्टी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्या-मुंबईची दोन-तीन कुटुंबं, लंडन किंवा म्युनिकहून येऊन मिळणारी भावंडं, सोबत आजी-आजोबा आणि मुलं. असं दहा-बारा जणांचं बिऱ्हाड फ्रान्सच्या एखाद्या खेड्यातल्या दगडी घरात आठवडाभर राहणार असेल, तर लोक जे जे विचारतात त्याची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. उदाहरणं नैर्ऋत्य फ्रान्समधल्या दोर्दोन्य जिल्ह्यातली आहेत. पेरिगोर हे याच भागाचं जुनं नाव. स्वयंपाकघराबद्दल मी सगळ्यात जास्त लिहिलं आहे, कारण अशी सुट्टी साधते की फसते हे बहुतेक वेळा तिथेच ठरतं.

झीत म्हणजे नक्की काय? हॉटेल का होमस्टे?

झीत म्हणजे भांडीकुंडी, पलंग, कपडे धुण्याचं यंत्र यांसकट आठवड्याच्या हिशोबाने भाड्याने मिळणारं स्वतंत्र घर. न्याहारी मिळत नाही, रोज कोणी केर काढायला येत नाही, रिसेप्शन नसतं. मालक बहुधा शेजारच्याच घरात किंवा गावात राहतात. घरमालकाच्या घरातली खोली आणि सकाळचा नाश्ता हवा असेल तर त्याला 'शांब्र दोत' म्हणतात. तो प्रकार वेगळा.

दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रान्सची खेडी झपाट्याने रिकामी होत होती. गोठे, धान्याची कोठारं, जुनी घरं पडून होती आणि शहरातल्या साध्या माणसाला परवडेल अशी सुट्टीची जागा मिळत नव्हती. आल्प्समधल्या एका डोंगराळ जिल्ह्याचे सेनेटर एमिल ओबेर यांनी या दोन गोष्टींची सांगड घातली आणि १९५१ साली पहिली झीत सुरू झाली. १९५५ मध्ये 'झीत द फ्रान्स' ही देशव्यापी संघटना उभी राहिली. ती घरांना दर्जा देते तो गव्हाच्या ओंब्यांच्या चिन्हाने, एक ते पाच. सरकारचं तारांकन याहून निराळं आहे, त्यामुळे जाहिरातीत तीन तारे आणि तीन ओंब्या दिसल्या तर ते एकच समजू नका. आम्हा दहा-बारा जणांना तीन ओंब्यांचं घर पुरेसं वाटतं. जास्तीचा पैसा सजावटीपेक्षा जास्तीच्या न्हाणीघरावर घालवावा.

प्रोव्हान्स किंवा लुआर सोडून दोर्दोन्यच का?

दोन्ही जागा सुंदर आहेत. पण वय वर्षं पाच ते पंच्याहत्तर अशी मंडळी बरोबर असली की दिवसाकाठी गाडीत बसण्याचा वेळ कमी हवा. दोर्दोन्य नदीच्या काठाने सार्ला, दॉम, बेनाक, कास्तेलनो, ला रोक-गाझाक ही ठिकाणं एकमेकांपासून पंधरा-वीस मिनिटांच्या आत आहेत. सकाळी एक ठिकाण पाहून जेवायला घरी परत येता येतं. आजोबांना दुपारी पडायला मिळतं, मुलं पाण्यात उतरतात, आणि ज्यांना आणखी हिंडायचंय ते पुन्हा बाहेर पडतात.

कोणत्या महिन्यात जावं?

महाराष्ट्रातल्या शाळांना सुट्टी असते तेव्हाचा मे महिना या सहलीला फार सोयीचा आहे. फ्रान्समधल्या शाळा तेव्हा बहुतांशी चालू असतात, भाडं उतरलेलं असतं, बाजारात स्ट्रॉबेरी आलेली असते. रात्री नऊनंतरही उजेड असतो. दोनच गोष्टी लक्षात ठेवा. स्विमिंग पूल तापवलेला नसेल तर मेमध्ये पाणी बर्फासारखं गार असतं. आणि १ मे, ८ मे, असेन्शन या ख्रिस्ती सणाचा गुरुवार अशा सुट्ट्यांना जोडून फ्रेंच लोक स्वतःही बाहेर पडतात. ते आठवडे लवकर भरतात.

जुलै-ऑगस्टमध्ये भाडं चढतं, रस्ते भरतात, आणि पारा पस्तिशीच्या वर जाऊ शकतो. जुन्या घरांना एसी क्वचितच असतो. सकाळी दहाच्या सुमाराला खिडक्यांची लाकडी दारं लावून घ्यायची आणि सूर्य मावळल्यावर उघडायची, हा तिथला उपाय. तो केला तर जाड दगडी भिंती घर चांगलं थंड ठेवतात. हवेशीर म्हणून भर दुपारी सगळ्या खिडक्या उघडल्या तर रात्री झोप येणार नाही.

दिवाळीच्या सुट्टीत?

थंडी, पाऊस, लवकर पडणारा अंधार, आणि काही स्थळांच्या कमी झालेल्या वेळा. शेकोटीपुढे बसायची आवड असेल तर जा. घर तापवण्याचा खर्च वेगळा लागतो का, ते आधी विचारा.

जाहिरातीत 'बारा जणांसाठी' असं लिहिलं आहे. बारा जण खरंच मावतात का?

झोपायला मावतात. पण पलंग मोजून पाहा. फ्रान्समध्ये १४० सेंटिमीटर रुंदीचा पलंग दोघांचा धरतात. बैठकीतला सोफा उघडून होणारा बिछानाही आकड्यात मोजलेला असतो. कोणती खोली तळमजल्यावर आहे, कोणत्या खोलीतून दुसरीत जावं लागतं, संडास किती आणि न्हाणीघरं किती, हे मालकाला सरळ पत्र लिहून विचारा. मालक अशा प्रश्नांना मोकळेपणाने उत्तर देतात.

करारातली संख्या मात्र पक्की समजा. बरेच मालक तान्ह्या बाळालाही मोजतात. 'आमची एक मावशी गादी टाकून झोपेल' हे तिथे चालत नाही. जास्तीच्या माणसाला मालक दारातून परत पाठवू शकतो. पंधराहून जास्त माणसं राहणार असतील तर इमारतीला सार्वजनिक जागेचे सुरक्षा नियम लागू होतात, म्हणून तेवढी मोठी घरं थोडी आणि निराळ्या धर्तीची असतात. सोळा-अठरा जण असाल तर एकाच अंगणातली दोन घरं शोधा. तशी बरीच मिळतात, आणि लवकर झोपणाऱ्यांना एक घर देता येतं.

खर्च किती येतो?

दहा-बारा जणांचं, पूल असलेलं घर भर उन्हाळ्यात आठवड्याला ढोबळमानाने २,००० ते ४,००० युरो. मे किंवा सप्टेंबरमध्ये तेच घर कधी कधी निम्म्यावर येतं. त्यावर स्थानिक पर्यटन कर लागतो. तो दर माणशी दर रात्री मोजतात आणि अठरा वर्षांखालच्यांना माफ असतो. चादरी-टॉवेल आणि शेवटची साफसफाई भाड्यात धरली आहे का, तेही पाहा. बऱ्याचदा धरलेली नसते. विजेचा वापर ठरावीक युनिटांपुढे गेला तर मीटर वाचून पैसे घेणारी घरंही असतात.

पैशांचा हिशोब एकाच माणसाकडे ठेवा आणि निघण्याआधीच सामाईक खर्चासाठी प्रत्येक घराकडून रक्कम गोळा करा. वाटणी माणशी का कुटुंबागणिक, हेही तेव्हाच ठरवा. एकट्याने येणाऱ्या भावाला कुटुंबाइतकाच वाटा लावणं मला बरोबर वाटत नाही.

आगाऊ रक्कम भरल्यावर बेत रद्द झाला तर?

करारात कोणता शब्द आहे ते पाहा. 'आर्र' असेल तर तुम्ही रद्द केल्यावर ती रक्कम गेली, आणि मालकाने रद्द केलं तर त्याने दुप्पट परत द्यायची, असा फ्रेंच कायदा आहे. 'आकाँत' असेल तर व्यवहार दोन्ही बाजूंवर बंधनकारक होतो आणि उरलेली रक्कमही मागितली जाऊ शकते. व्हिसा हातात यायच्या आधी घर ठरवावं लागतं, म्हणून व्हिसा नाकारला गेल्यास काय, याची ओळ करारात लिहून मागा. काही मालक ती आनंदाने घालतात.

याशिवाय 'कोसियाँ' म्हणजे अनामत वेगळी असते. ती नुकसान झालं नाही तर परत मिळते.

व्हिसासाठी हॉटेलचं बुकिंग लागतं ना? घराचं चालतं का?

चालतं. भाडेकरार आणि भरलेल्या रकमेची पावती जोडायची. करार सहसा एकाच्या नावाने होतो आणि अर्ज प्रत्येकाला वेगळा करावा लागतो, म्हणून मालकाकडून सगळ्यांची नावं, पासपोर्टप्रमाणेच स्पेलिंग, तारखा आणि घराचा पूर्ण पत्ता असलेलं पत्र घ्या. भारतीय पासपोर्टधारकांना शेंगेन व्हिसा लागतो. मोठ्यांसाठी शुल्क ९० युरो, ६ ते ११ वर्षांच्या मुलांसाठी ४५. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि किमान ३०,००० युरोचं वैद्यकीय कवच असलेला विमा लागतो. मुंबई आणि पुणे दोन्हीकडे अर्जकेंद्र आहे.

लंडनमध्ये राहणाऱ्या, पण पासपोर्ट भारतीय असलेल्या नातेवाईकांनाही व्हिसा काढावा लागतो. त्यांनी तो ब्रिटनमधूनच काढायचा. जर्मनीचा निवास परवाना असलेल्यांना वेगळा व्हिसा नको.

पोहोचायचं कसं?

पॅरिसला उतरून लगेच गाडी हातात घेऊ नका. रात्रभराच्या विमानप्रवासानंतर अनोळखी बाजूने पाचशेहून जास्त किलोमीटर गाडी हाकणं धोक्याचं आहे. पॅरिसच्या माँपार्नास स्थानकातून वेगवान रेल्वेने बोर्दोला साधारण दोन तासांत पोहोचता येतं. तिथे मोटारी भाड्याने घ्या. पुढे सार्लाच्या आसपासचं घर अडीच तासांवर येतं. त्याच बाजूच्या सुयाक आणि ब्रीव या स्थानकांना पॅरिसच्या ऑस्तेर्लित्झ स्थानकातून रेल्वेगाड्या जातात. ब्रिटनमधून येणाऱ्यांना बेर्झराकचा छोटा विमानतळ जवळ पडतो. तिथे मोसमात ब्रिटिश शहरांतून थेट विमानं येतात.

गाडीवाचून भागेल का?

नाही. पाव आणायलाही तीन-चार किलोमीटर जावं लागतं.

भारतीय लायसन्सवर गाडी चालवता येते का?

येते. सोबत आरटीओकडून मिळणारं आंतरराष्ट्रीय परमिट ठेवा. ते एक वर्ष चालतं. गाडी भाड्याने देणारे चालकाच्याच नावाचं क्रेडिट कार्ड मागतात. ऑटोमॅटिक गाडी हवी असेल तर फार आधी सांगून ठेवा, कारण भाड्याच्या गाड्यांत गिअरवाल्याच जास्त असतात. एका नऊ आसनी गाडीपेक्षा दोन लहान गाड्या बऱ्या. गावातले रस्ते अरुंद असतात, आणि दोन गाड्या असल्या की एक बाजाराला जाऊ शकते.

गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवायची हे आपण लक्षात ठेवतो. चुकतो ते दुसऱ्या एका नियमात. खेड्यात जिथे कसलीच पाटी नसते अशा चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, मग तो कितीही लहान गल्लीतून येत असो. गोल चौकात मात्र आत फिरत असलेल्या गाडीला मान. लाल किनारीच्या पांढऱ्या पाटीवर गावाचं नाव दिसलं की वेग पन्नासवर आणायचा. पन्नासची वेगळी पाटी लावत नाहीत. गावाबाहेर साध्या रस्त्यावर ८०, काही भागांत ९०, महामार्गावर १३० आणि पावसात ११०. दहा वर्षांखालची मुलं मागे, त्यांच्या मापाच्या आसनावर. रविवारी पेट्रोलपंपावर माणूस नसतो. यंत्राला पिन असलेलं कार्ड लागतं, आणि ते आधी मोठी रक्कम अडकवून ठेवतं. डिझेलला तिथे 'गाझोल' म्हणतात.

शनिवारी पोहोचतो आहोत. पहिल्या दिवशी काय करायचं?

मोसमात बहुतेक घरं शनिवार ते शनिवार दिली जातात. ताबा दुपारी चार-पाचला मिळतो. सुपरमार्केट रात्री साडेसात-आठला बंद होतं, रविवारी दुपारी ते उघडं असेलच असं नाही, आणि सोमवारी गावातली कितीतरी छोटी दुकानं बंद असतात. म्हणजे वाण्याकडे जायला शनिवारची संध्याकाळच आहे. एका गाडीने किल्ली घ्यायला जायचं, दुसरीने वाटेतच सामान भरायचं. यादी विमानातच करून ठेवा. ढकलगाडीसाठी एक युरोचं नाणं आणि स्वतःच्या पिशव्या लागतात.

पहिल्या रात्रीची शिदोरी मात्र घरून न्या. मसाला घालून कोरडी मिसळलेली खिचडी, भाजलेल्या रव्याचं उपम्याचं मिश्रण, जाडे पोहे. एका पातेल्यात होईल असं काहीतरी.

स्वयंपाकघरात काय असतं, काय नसतं?

ओव्हन, भांडी धुण्याचं यंत्र, कॉफीचं यंत्र, वाइनचे पेले, चीज वितळवून खाण्याचं उपकरण, हे सगळं असतं. तवा, कढई, पोळपाट-लाटणं, सांडशी, मिसळणाचा डबा अर्थातच नसतो. प्रेशर कुकर कधी कधी सापडतो. सेब या फ्रेंच कंपनीने १९५३ साली बाजारात आणलेला कुकर तिथल्या घरोघरी गेला होता, आणि जुन्या घरांच्या कपाटात तो अजून निघतो. नसेल तर मसूर आणि मूग साध्या पातेल्यात शिजतात. तूरडाळीचा हट्ट धरू नका.

शेगडी बहुधा इंडक्शनची. तिच्यावर ॲल्युमिनियमचा कुकर आणि गोल बुडाची कढई चालत नाही. घरातल्या भांड्याच्या बुडाला लोहचुंबक चिकटला तरच ते भांडं बरोबर घ्या. काचेवर भांडं सरकवू नका, उचलून ठेवा, कारण ओरखडा उठला तर तो अनामतीतून जातो. ज्योत नसल्यामुळे फुलका विस्तवावर फुगणार नाही, पण तव्यावर फडक्याने दाबला की फुगतो. पापड ओव्हनच्या ग्रिलखाली एक मिनिटात होतात, जवळ उभं राहावं लागतं. मिक्सर बहुधा नसतो, हाताने धरायचं ब्लेंडर असतं. वाटणाचे पदार्थ टाळा किंवा कोरडं वाटण करून न्या. वीज आपल्यासारखीच २३० व्होल्टची आहे. बारीक दोन पिनांचा प्लग तसाच बसतो, जाड तीन पिनांना अडॅप्टर लागतो.

एक गोष्ट सगळ्यांनी पहिल्याच दिवशी पाहून ठेवावी, ती म्हणजे विजेची पेटी. घराने किती किलोवॉटची जोडणी घेतली आहे त्याला मर्यादा असते. शेगडीच्या तीन चुली, ओव्हन, भांड्यांचं यंत्र आणि किटली एकदम चालू झाली की खटका पडतो आणि अख्ख्या घराची वीज जाते. घाबरायचं कारण नाही. एक-दोन गोष्टी बंद करायच्या आणि खटका वर करायचा. पण पेटी बऱ्याचदा तळघरात किंवा जिन्याखालच्या कपाटात असते, आणि ती अंधारात शोधावी लागू नये.

फोडणी देताना खिडकी उघडा आणि धूर ओढणारा पंखा लावा. २०१५ पासून फ्रान्समधल्या प्रत्येक घरात धुराची सूचना देणारं यंत्र सक्तीचं आहे. लाल मिरचीच्या फोडणीला ते ओरडतं. आणि हळद. पांढरी प्लास्टिकची पाटी, फिकट लाकडाचा ओटा, मालकांचे सुती पुसणे यांवर पडलेला हळदीचा डाग जात नाही. आपली दोन गडद फडकी न्या आणि मालकांची बाजूला ठेवा.

भारतातून काय नेता येतं?

तूप, पेढे, पनीर, दूध पावडर, मांस किंवा मांसाचे पदार्थ युरोपीय संघात प्रवाशाला आणता येत नाहीत. ताजी फळं-भाज्याही नाहीत. केळी, नारळ, अननस, खजूर, ड्युरियन एवढीच सूट आहे. हापूसची पेटी आणि कढीपत्त्याची जुडी घरीच राहू द्या. गोडा मसाला, तिखट, हळद, हिंग, पोहे, वाळलेल्या कढीपत्त्याची पूड, कोरडी लसणाची चटणी, तेलातलं लोणचं न्यायला हरकत नाही. लोणचं चेक-इनच्या बॅगेत, दोन पिशव्यांत गुंडाळून.

पॅरिसमध्ये रात्रभर थांबणार असाल तर गार द्यु नोर स्थानकाच्या मागे ला शापेलच्या बाजूला तमिळ दुकानांची ओळच आहे. डाळी, कढीपत्ता, हिरव्या मिरच्या, कणीक सगळं तिथे मिळतं.

आणि तिथल्या बाजारात आपल्या उपयोगाचं काय मिळतं?

बरंच. दुकानातल्या पिठाच्या पुडीवर 'ट' (T) हे अक्षर आणि आकडा असतो. आकडा जितका मोठा, तितका कोंडा जास्त. ट ५५ मैद्याजवळचं, ट ११० ची पोळी आपल्या कणकेच्या बरीच जवळ जाते, ट १५० जाडंभरडं. बेसन म्हणून चण्याचं पीठ मोठ्या दुकानात सेंद्रिय मालाच्या रांगेत असतं. बारीक रव्याला 'स्मूल फीन' म्हणतात. केशरी मसूर सगळीकडे. हिरव्या बारीक मसुरीची आमटी करून पाहा, ती मोडत नाही आणि गोड्या मसाल्यात छान लागते.

तुपासाठी 'दू' लिहिलेलं, म्हणजे बिनमिठाचं लोणी घ्या. पाव किलोची वडी मंद आचेवर ठेवायची. आधी पांढरा फेस येतो, मग तो खाली बसतो, तळाशी बेरी तांबूस व्हायला लागली की लगेच उतरवायचं. चिमूटभर मीठ टाकलं तर रवाळ होतं. वीस मिनिटांत अख्ख्या आठवड्याचं तूप तयार.

श्रीखंडाला दही लावायचीही गरज नाही. 'फ्रोमाझ ब्लाँ' नावाचं घट्ट, मऊ दह्यासारखं मिळतं. ते पातळ फडक्यात रात्रभर फ्रिजमध्ये टांगून ठेवलं की सकाळी उत्तम चक्का हाती येतो. त्यात साखर, घरून नेलेली वेलचीपूड आणि पेरिगोरची स्ट्रॉबेरी. मेमध्ये तिथे असूनही ज्यांनी हे केलं नाही, त्यांच्याबद्दल मला खरोखर हळहळ वाटते. भरतासाठी वांगी ओव्हनमध्ये भाजली जातात, बाहेरच्या कोळशाच्या शेगडीवर तर फारच छान. मात्र कोरड्या उन्हाळ्यात उघड्यावर विस्तव पेटवायला बंदी असू शकते. मालकांना विचारून मगच पेटवा.

स्वयंपाक कोण करणार?

हा प्रश्न निघण्याआधी सगळ्यांसमोर विचारावा. तो विचारला नाही तर काय होतं हे आपल्या घरांत सगळ्यांना माहीत आहे. दोघी-तिघी बायका तीन वेळ ओट्यापाशी उभ्या राहतात, बाकीचे अंगणात पत्ते खेळतात, आणि परतल्यावर त्या म्हणतात की घरी होतो तेच बरं होतं. फ्रान्सपर्यंत जाऊन सासुरवास करायचा असेल तर हॉटेल घ्या.

मी आग्रहाने सांगते ती पद्धत अशी. दिवसातून एकदाच शिजवायचं, रात्री. रोजची जोडी वेगवेगळ्या घरांतली, आणि प्रत्येक जोडीत एक पुरुष हवाच. ज्यांनी शिजवलं त्यांनी त्या रात्री आवरायचं नाही. सकाळी ज्याला जेव्हा जाग येईल तेव्हा त्याने आपलं आपण घ्यायचं. दुपारी पाव, चीज, कोशिंबीर, उकडलेली अंडी, फळं. दहा वर्षांपुढच्या मुलांनी ताटं मांडायची आणि यंत्र रिकामं करायचं. बारा जणांच्या पोळ्या कुणीही लाटायच्या नाहीत. आजी-आजोबांना पोळीशिवाय चालत नसेल तर त्यांच्यापुरत्या चार लाटाव्यात, बाकीच्यांनी गावातला ताजा पाव खावा. तो त्यासाठीच आहे. आणि आठवड्यातल्या दोन रात्री चूल बंद.

त्या दोन रात्रींसाठी जुलै-ऑगस्टमध्ये गावोगावी रात्रीचे बाजार भरतात. चौकात लांब बाकं मांडलेली असतात, ठेल्यांवरून हवं ते आणून तिथेच बसून खायचं. अनेक ठिकाणी ताट-चमचे आपलेच न्यावे लागतात.

आम्ही शाकाहारी आहोत. बाहेर काय खायचं?

पेरिगोर हा बदकांचा मुलूख आहे. बदकाचं काळीज, मांडी, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बदकाची चरबी. 'पॉम सार्लादेझ' हे लसूण-अजमोदा घातलेले बटाटे दिसायला निव्वळ शाकाहारी, पण परततात बदकाच्या चरबीत. कोशिंबिरीत डुकराच्या मांसाचे तुकडे असू शकतात, सुपाचं पाणी मांसाचं असू शकतं, बहुतेक पारंपरिक चीजमध्ये प्राणिज विरजण असतं. 'व्हेजिटेरियन' म्हटल्यावर मासे आणणारेही भेटतात. त्यामुळे 'झ न माँझ नी व्याँद नी प्वासाँ', मांसही खात नाही आणि मासेही, असं स्पष्ट सांगा. अंडं चालत नसेल तर तेही. गरम बकरीच्या चीजची कोशिंबीर, अक्रोडाचा केक, बकव्हीटच्या, म्हणजे कुट्टूच्या पिठाचे डोशासारखे गालेत, पिझ्झा यांवर निभावतं. दुपारी बारा ते दोन आणि संध्याकाळी सातनंतर, याखेरीज खानावळीत जेवण मिळत नाही. अडीचला पोहोचलात तर उपाशी राहाल.

जैन मंडळींनी सगळं घरीच करावं, हे बरं.

आंघोळ, संडास, पाणी?

पाण्याचा फवारा संडासात नसतो. प्रवासात न्यायची दाबायची बाटली प्रत्येक कुटुंबाने आपली आणावी. न्हाणीघराच्या जमिनीला मोरी नसते, खाली लाकूडही असू शकतं, म्हणून बादलीने आंघोळ करू नये.

गरम पाणी साठवणीच्या टाकीतून येतं. ती बऱ्याच घरांत रात्री स्वस्त विजेवर तापते आणि दोन-तीनशे लिटरची असते. सकाळी आठ ते नऊ या वेळात बारा जणांनी आंघोळ करायची ठरवली तर सातव्याला गार पाणी. निम्म्यांनी रात्री करावी.

खेड्यात सांडपाणी अंगणातल्या टाकीत जातं. ओले रुमाल, सॅनिटरी पॅड, फोडणीचं तेल, ब्लीच यातलं काही आत जाऊ देऊ नका. तळणाचं तेल बाटलीत गोळा करा.

कचऱ्याचं काय?

काच गावातल्या काचेच्या कुंडीत, वेष्टणं वेगळी, बाकीचं वेगळं. काही ठिकाणी कुंडी उघडायला कार्ड लागतं. ते मालकांकडून मागून घ्या.

देवापुढे निरांजन लावलं तर चालेल का?

मालकांना विचारून, स्टीलच्या ताटात, आणि कोणीतरी जवळ असेपर्यंत. छताला शंभर-दोनशे वर्षांच्या लाकडी तुळया असतात. उदबत्ती अंगणात लावावी.

स्विमिंग पूल मुलांसाठी सुरक्षित असतो का?

फ्रान्समध्ये २००३ सालच्या कायद्याने जमिनीत बांधलेल्या खासगी पुलाला कुंपण, गजर, झाकण किंवा छत यांपैकी एक तरी लावावंच लागतं. कुंपण असलेलंच घर निवडा. गजर मूल पाण्यात पडल्यावर वाजतो. आणि पाण्याजवळ लक्ष ठेवणाऱ्या मोठ्या माणसाचं नाव दर तासाला ठरलेलं असू द्या. 'सगळे आहोत की' म्हणजे कोणीच नसतं.

काय काय पाहावं?

लास्को. १२ सप्टेंबर १९४० रोजी माँतिन्याकजवळच्या टेकडीत चार पोरांना ही गुहा सापडली. आतली घोडे, बैल, हरणांची चित्रं अठरा-वीस हजार वर्षांपूर्वीची मानतात. माणसांच्या श्वासाने आणि त्याबरोबर आलेल्या शेवाळाने ती खराब होऊ लागली म्हणून १९६३ साली गुहा लोकांसाठी बंद झाली. आज आपण पाहतो ती टेकडीच्या पायथ्याची, डिसेंबर २०१६ मध्ये उघडलेली हुबेहूब प्रतिकृती. प्रतिकृती म्हणून नाक मुरडू नका. भिंतीच्या उंचवट्याचा उपयोग करून बैलाचा खांदा कसा पुढे काढला आहे, हे तिथे शांतपणे पाहता येतं. अस्सल रंगीत चित्रं पाहायची तर लेझ एझी गावच्या फाँ-द-गोम गुहेत अजून थोड्या थोड्या लोकांना आत सोडतात. दोन्हीकडचं तिकीट आधी काढा.

बेनाक आणि कास्तेलनो हे किल्ले नदीच्या दोन काठांवर एकमेकांकडे पाहत उभे आहेत. शतवार्षिक युद्धात एक फ्रेंचांकडे तर दुसरा इंग्रजांकडे होता. कास्तेलनोवर दगड फेकणाऱ्या लाकडी यंत्रांच्या पूर्ण मापाच्या प्रतिकृती आहेत. गडकिल्ले चढलेल्या मुलांना तिथून हलवणं कठीण जातं. जवळच मिलांदचा वाडा. कृष्णवर्णीय गायिका-नर्तकी जोसेफीन बेकर तिथे आपल्या दत्तक मुलांसह राहत असे. तिने निरनिराळ्या देशांतली बारा मुलं वाढवली. २०२१ साली फ्रान्सने तिला पॅरिसच्या पँथिऑनमध्ये, म्हणजे देशातल्या थोरांच्या स्मारकात, स्थान दिलं.

सार्लाचा बाजार बुधवारी आणि शनिवारी. शनिवारचा मोठा, पण तुमचा शनिवार घर बदलण्यात जातो, म्हणून बुधवार धरा आणि नऊच्या आत पोहोचा. पादिराकचं विवर थोडं लांब आहे. जमिनीत १०३ मीटर खाली उतरून होडीतून भुयारी नदीवर जायचं. एक अख्खा दिवस ठेवा आणि स्वेटर न्या.

रोज एकच ठिकाण. त्याहून जास्त आखू नका.

आजी-आजोबांना झेपेल का?

गावं चढणीची आहेत आणि फरसबंदी दगडी, घसरडी. दॉमला गाडी वरपर्यंत जाते आणि तिथल्या कड्यावरून सगळी दरी बसल्याजागी दिसते. ला रोक-गाझाकहून जुन्या पद्धतीच्या सपाट बुडाच्या होडीतून तासाभराची फेरी होते, ती त्यांना नक्की आवडेल. कनू, म्हणजे वल्ह्याची चिंचोळी होडी, त्यांनी टाळावी. घर निवडताना तळमजल्यावर झोपायची खोली आणि त्याच मजल्यावर संडास, ही अट सोडू नका.

कोणी आजारी पडलं तर?

११२ हा सगळ्या संकटांसाठी, १५ हा वैद्यकीय मदतीसाठी. घराचा पत्ता, वाडीचं नाव आणि नकाशावरचे आकडे कागदावर लिहून फ्रिजला लावून ठेवा, कारण खेड्यात नुसत्या पत्त्यावर घर सापडत नाही. मोबाइलची रेंजही भरवशाची नसते. नकाशे आधीच उतरवून घ्या. साध्या दुखण्याला हिरव्या क्रॉसच्या पाटीचं औषधाचं दुकान. तिथला फार्मासिस्ट नीट सल्ला देतो. रोजची औषधं पुरेशी आणा, चिठ्ठीवर औषधाचं मूळ रासायनिक नाव लिहून घ्या. गवतात खेळून आलेल्या मुलांचे पाय, काखा, कानामागची जागा रोज रात्री पाहा. गोचीड चिकटते.

शेजाऱ्यांशी कसं वागावं?

दुकानात शिरताच, काही मागण्याआधी, 'बाँझूर' म्हणायचं. रस्त्यात भेटलेल्या शेतकऱ्यालाही. रात्री दहानंतर अंगणात मोठ्याने बोलणं, गाणी लावणं बंद. दरीत आवाज फार लांब जातो आणि शेजाऱ्याला पहाटे गाई काढायच्या असतात. मालकांना पहिल्या एक-दोन दिवसांत चहाला बोलवा. कुठल्या शेतावर अंडी मिळतात, कुठला पाववाला बरा, नदीत कुठे उतरावं, हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं.

शेवटच्या दिवशी काय करायचं असतं?

सकाळी दहापर्यंत घर रिकामं. मालक येऊन यादीप्रमाणे वस्तू पाहतात आणि मगच अनामत परत करतात किंवा बँकेतली अडकवलेली रक्कम सोडतात. साफसफाईचे पैसे वेगळे भरले असले तरी भांडी धुतलेली, फ्रिज रिकामा, कचरा बाहेर आणि पलंगावरच्या चादरी काढलेल्या हव्यात. पेला फुटला असेल तर आधीच सांगा, बहुतेक मालक त्याचे पैसेही घेत नाहीत. पहिल्या दिवशी जे आधीच तुटलेलं दिसलं त्याचे फोटो काढून त्याच संध्याकाळी मालकांना पाठवले असतील, तर हे सगळं दहा मिनिटांत उरकतं. उरलेलं तूप आणि मसाले लंडनच्या किंवा म्युनिकच्या भावंडांना देऊन टाका. मुंबईच्या विमानात त्यांचं ओझं कशाला.